साथीला फक्त गळे: हौशी अ कॅपेला गट उभा करताना

अ कॅपेला, म्हणजे वाद्यांशिवाय गाणं, म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा बीटबॉक्स करणारा, तोंडाने ताल वाजवणारा पोरगा येतो. गट मात्र त्याच्यावर उभा राहत नाही. तो उभा राहतो सगळ्यात खालचा सूर धरणाऱ्यावर आणि तालमीला वेळेवर येणाऱ्यांवर. या दोन गोष्टी जमल्या तर बाकीचं शिकवता येतं. त्या नसतील तर कितीही गोड गळे जमवा, तिसऱ्या महिन्यात गट विरतो.

हे लिखाण सहा ते दहा जण जमवून मराठी-हिंदी गाणी अशा पद्धतीने गाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे, मग ते पुण्यातल्या सोसायटीत असोत, कॉलेजात किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात. एकाकडे पेटी किंवा कीबोर्ड असावा आणि निम्म्यांना तरी सरगम म्हणता यावी, एवढं गृहीत धरलं आहे. पाश्चात्त्य नोटेशन न येण्याने काही अडत नाही.

गोव्यात चर्चमध्ये चार आवाजांत गाणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये ‘पेन मसाला’ सुरू केला आणि हिंदी गाणी या पद्धतीने गायली. त्यामुळे मराठी किंवा हिंदी गाणं यात बसत नाही, ही शंका मनातून काढून टाका. खरी अडचण निराळी आहे. आपली सगळी तालीम एका ओळीची असते. गुरू गातो ती ओळ आपण उचलतो, आणि शेजारचा वेगळं गायला लागला की आपला गळा नकळत त्याच्याकडे जातो. हे मोडायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

माणसं निवडताना

सुरुवातीला सहा जण पुरेत: एक मुख्य गायक, मधले तीन आवाज, एक खर्ज धरणारा आणि एक ताल देणारा. आठ-नऊपर्यंत वाढवायला हरकत नाही, कारण कुणीतरी आजारी पडतंच. एका ओळीवर दोघांना ठेवणं मात्र वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. दोन गळ्यांत केसभर फरक असला तरी सुरात ‘वाँव-वाँव’ अशी लहर ऐकू येते. एकटा असला की ती नसते, तिघे असले की ती बरीच लपते. दोघांची जोडी लावायचीच असेल तर त्या दोघांनी दर तालमीच्या आधी पाच मिनिटं एकच सूर ‘ऊ’कारात मिळवायचा, लहर पूर्ण थांबेपर्यंत.

निवडीला प्रत्येकी दहा मिनिटं द्या आणि या क्रमाने जा:

१. पाठ असलेल्या गाण्याचं एक कडवं, साथीशिवाय. संपल्यावर पेटीवर सुरुवातीचा सा दाबून बघा, किती सरकला ते कळेल.
२. पल्ला. खाली कुठपर्यंत स्पष्ट स्वर निघतो आणि वर कुठपर्यंत न ताणता जातो, ते पट्टीसकट लिहून ठेवा.
३. उमेदवाराने सा धरायचा आणि परीक्षकाने त्याच्या कानाशी सावकाश रे, ग, म, प गायचे. उमेदवाराचा सा हलला का?
४. पाच स्वरांचा तुकडा एकदा ऐकून परत म्हणायचा.
५. केरवा या तालाच्या आठ मात्रा हाताने मोजत ओळ गायची.

यातली तिसरी कसोटी सगळ्यात मोलाची. स्पर्धा गाजवणारे तयारीचे गायक इथे अडखळतात आणि शाळेच्या समूहगीतात मागच्या रांगेत उभी राहिलेली मुलगी दगडासारखी स्थिर राहते. अशा मुलीला घ्या. गोड पण सतत हरकती घेणारा गळा मुख्य गायकीसाठी ठेवा; मधल्या ओळीत तो सगळ्यांना त्रास देईल.

खर्जाचा माणूस मिळणं सगळ्यात कठीण. पुरुष गायक साधारण पेटीच्या काळी १ ते काळी २ ला सा धरतात. खर्ज गाणाऱ्याला त्याखाली मंद्र पंचमापर्यंत भरदार, न घरघरता जाता आलं पाहिजे. बोलताना आवाज जाड आहे म्हणून गाताना तो खाली जाईलच असं नाही, पेटीवर तपासूनच ठरवा. असा कोणी मिळाला तर त्याच्या सोयीची वेळ हीच गटाची तालमीची वेळ.

पट्टी कोणाची?

स्त्रियांची पट्टी बहुधा काळी ४-काळी ५, पुरुषांची काळी १-काळी २. युगुलगीतात यावरून नेहमी ओढाताण होते. या प्रकारात ती उलट उपयोगी पडते. चाल ज्याच्या तोंडी, त्याची पट्टी घ्यायची. बाकीच्यांनी आपापल्या पल्ल्यात बसणारे स्वर उचलायचे. मुख्य गायिका काळी ४ ला गात असेल तर खर्जवाल्याचा सा तिच्याखाली एक सप्तक पडेल, म्हणजे पुरुषांच्या नेहमीच्या पट्टीत तो साधारण मंद्र पंचमाच्या जागी येईल. तिथून आणखी खाली जाणं त्याला झेपणार नाही, म्हणून अशा गाण्यात त्याला सा, रे, म, प असे वरच्या बाजूचे स्वर जास्त द्या. हा हिशेब गाणं बसवायला घेण्याआधी करा. अर्धं गाणं बसल्यावर पट्टी बदलली की सगळ्यांच्या गळ्यातली जागा बदलते आणि दोन तालमी वाया जातात.

पहिला महिना: गाणं नको

पहिल्याच दिवशी आवडतं गाणं घ्यायचा मोह आवरा. आधी चार आवाजांत एक साधं आवर्तन पक्कं करा. भूप यासाठी उत्तम, कारण त्यात सा रे ग प ध या पाच स्वरांत कुठेही अर्ध्या स्वराचं अंतर नाही. कुणी चुकून शेजाऱ्याचा स्वर पकडला तरी कानाला टोचत नाही. दुर्गाचंही तसंच.

काळी १ चा सा घ्या. खालच्या आवाजाचा सा हा पुरुषांचा मध्य सा. दुसरा आवाज तार सा, तिसरा त्यावरचा ग, चौथा त्यावरचा प. तिसरा आणि चौथा स्त्रियांनी घ्यावेत, त्यांना ते मध्यातच पडतात. प्रत्येक पायरी आठ मात्रा धरायची:

पहिली पायरी: सा – सा – ग – प
दुसरी पायरी: मंद्र ध – सा – ग – ध
तिसरी पायरी: मंद्र प – रे – रे – प
चौथी पायरी: सा – सा – ग – प

(क्रम खालच्या आवाजापासून वरच्याकडे.)

पहिलीवरून दुसरीवर जाताना फक्त दोघे हलतात: खालचा खाली आणि वरचा वर. मधले दोघे जागेवर. हेच शिकायचं आहे, दुसरे हलत असताना आपण न हलणं. तिसऱ्या पायरीवर खालचा आणि वरचा आवाज दोन्ही धवरून पवर उतरतात. पाश्चात्त्य हार्मनीच्या वर्गात इथे लाल शाई फिरेल (सप्तकाच्या अंतराने असं समांतर चालणं तिथे चूक धरतात), पण आपल्या कानाला ते अजिबात खटकत नाही, आणि सुरुवातीला सोपं असणं महत्त्वाचं.

आवर्तन बसवायचा क्रम असा. आधी खालचा एकटा. मग खालचा आणि चौथा, म्हणजे दोन्ही टोकं. मग दुसरा मिळवा, आणि शेवटी तिसरा. ग धरणारा शेवटी येतो याला कारण आहे: त्याचा स्वर जुळला की नाही हे बाकीचे तीन स्वच्छ असल्याशिवाय कळतच नाही. सुरुवातीला ‘ऊ’, मग ‘ओ’, मग ‘आ’. ‘आ’ सगळ्यात शेवटी, कारण उघड्या स्वरात प्रत्येकाचा आवाज वेगळा पडतो.

हे पक्कं झालं की ओळी बदला. खर्जवाला सोडून बाकी तिघांनी एकमेकांच्या जागा घ्यायच्या. आपली ओळ पाठ असून भागत नाही, शेजाऱ्याचीही कानात बसावी लागते.

सूर का उतरतो

साथीशिवाय गाणाऱ्या प्रत्येक गटाचा सूर सरकतो. बहुधा खाली. कारणं ओळखली तर इलाज सोपा आहे.

उतरत्या जागी पावलं मोठी पडतात आणि चढत्या जागी लहान, हे मुख्य कारण. गरेसा म्हणताना रे थोडा खाली, सा आणखी थोडा खाली. परत सारेग चढताना ग पूर्ण उंचीवर पोचत नाही. म्हणून उतरताना मनात ‘जवळ जवळ’ आणि चढताना ‘लांब’ म्हणायची सवय लावा. दुसरं, एकच स्वर आठ-दहा वेळा आला की तो दर वेळी थोडा खचतो. ‘दुम् दुम् दुम्’ म्हणत राहणाऱ्या खर्जवाल्याला हा रोग पहिल्यांदा लागतो, आणि त्याच्यामागून अख्खा गट खाली जातो. त्याने प्रत्येक ‘दुम्’ नवा म्हणून गायचा, आधीच्याची शेपटी म्हणून नाही. तिसरं कारण श्वास. वाक्याच्या शेवटी हवा संपते तिथे सूर लोंबतो. श्वासाच्या जागा कागदावर खुणेने ठरवा.

चौथं कारण जरा नाजूक आहे. पेटीचा ग आणि तंबोऱ्यात ऐकू येणारा ग एक नाहीत. पेटीचा शुद्ध ग नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). वाद्य नसताना धरलेल्या लांब स्वरसमूहात नैसर्गिक ग लागला की तो लखलखतो. पेटीचा लागला तर किंचित कोरडा वाटतो. त्रास तेव्हा होतो जेव्हा निम्मे जण पेटीवर वाढलेले असतात आणि निम्मे तंबोऱ्यावर. उपाय म्हणजे तालमीत पेटी किंवा कीबोर्ड सतत वाजवत ठेवू नका. स्वर द्यायला वाजवा आणि हात काढा. आवर्तनाचा सराव तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर करा. सा-प च्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपसूक वर येतो, ग धरणाऱ्याने त्यात मिसळायचं.

किती सरकलात ते मोजायची पद्धत: सा घ्या, पेटी बंद करा, पूर्ण गाणं गा, शेवटी पेटी दाबा. तीन मिनिटांत अर्ध्या स्वराच्या आत असाल तर पहिल्या वर्षी समाधान माना. ऐकणाऱ्यांना ते कळत नाही. त्याहून जास्त असेल तर प्रत्येक कडव्यानंतर थांबून तपासा. घसरण गाणंभर सारखी कधीच नसते, ती एखाद्या ठरावीक जागी होते. तेवढ्या दोन ओळी वेगळ्या काढा.

सगळं करूनही एखादं गाणं पडतच असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने चढवून पाहा: काळी १ ऐवजी पांढरी २. आवाज जिथे छातीतून डोक्याकडे वळतो ती जागा त्याने चालीतल्या अवघड स्वरावरून हटते आणि पुष्कळदा रोग तिथेच संपतो. सूर चढत असेल, तर लय पळते आहे का ते आधी बघा. दोन्ही बहुधा जोडीने येतात आणि दोन्हींच्या मुळाशी घाई असते.

गाणं बसवणं

पहिलं गाणं कसं असावं? चालीचा पल्ला एक सप्तक आणि वर दोन-तीन स्वरांत मावणारा, लय मध्यम, तीन मिनिटांत संपणारं, दोन कडव्यांचं. मींड आणि मुरक्यांवर जगणारं भावगीत पहिलं घेऊ नका. पारंपरिक ओवी, पाळणा, आरती, कोळीगीताच्या वळणाची लोकचाल, हे जास्त चांगलं.

मांडणी लिहायला भातखंडे पद्धतच वापरा. वहीच्या आडव्या पानावर मात्रांचे रकाने आखा. केरवा असेल तर आठ. एका आवर्तनाखाली सहा ओळी: चाल, मधले तीन आवाज, खर्ज, ताल. कोमलाला खालची रेघ, तीव्र मध्यमाला वरची उभी रेघ, मंद्राला खाली आणि तारेला वर टिंब, नेहमीप्रमाणे. उभं वाचलं की एका मात्रेवर कोण काय गातंय ते दिसतं आणि अर्ध्या स्वराची टक्कर कुठे आहे ती लगेच सापडते. संगणकावर करायचं असेल तर म्यूझस्कोर (पाश्चात्त्य नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि प्रत्येक ओळ वेगळी वाजवून दाखवतो.

मांडणी करताना खर्ज आधी लिहा. चालीखाली प्रत्येक आवर्तनाला एक, फार तर दोन आधारस्वर. मग मधले आवाज, शक्य तितके कमी हलणारे. चालीच्या तीन स्वर खाली समांतर धावणारी ओळ लिहिणं सगळ्यांना सुचतं, आणि रागदारीच्या चालीत तीच सगळ्यात आधी फसते, कारण रागात नसलेले स्वर घुसतात. भुपाच्या चालीखाली म किंवा नि आला की ऐकणारा दचकतो. रागातलेच स्वर वापरा. जिथे जमत नसेल तिथे नुसता सा-प धरून ठेवा. तोही अर्थपूर्ण वाटतो, आपला कान तंबोऱ्यावरच वाढलेला आहे.

हरकत फक्त मुख्य गायकाची. बाकीचे तेव्हा लांब, स्थिर स्वरावर. या एका नियमावरून गटात भांडणं होतात, तरी तो पाळाच.

मागच्या आवाजांना शब्द कुठले द्यायचे? इंग्रजी गटांचं ‘डू-वा’ मराठी ओळीखाली परकं वाटतं. आपल्याकडे नोम्-तोम् आहे, तराण्याचे ‘दिर दिर तोम् तनन’ आहेत, भजनातला ‘विठ्ठल विठ्ठल’ आहे. तुटक हवं असेल तर ‘तोम्’, वाहतं हवं असेल तर ‘नऽऽ’, मऊ हवं असेल तर ‘ऊ’. दर कडव्याला अक्षर बदला, एवढ्यानेही गाणं पुढे सरकल्यासारखं वाटतं.

ताल तोंडाने

बीटबॉक्सचे तीन मूळ आवाज: ‘बू’ म्हणजे घुमारा, ‘त्स’ म्हणजे झांज, ‘का’ म्हणजे कोरडी थाप. नवशिके ‘बू त्स का त्स, बू त्स का त्स’ वर सगळी गाणी बसवतात आणि मराठी गाणं उगाच डिस्कोत गेल्यासारखं वाटतं. कारण साधं आहे. केरव्याचे बोल ‘धा गे न ति, न क धि न’. यात डग्ग्याचा घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर आहे. पाचवी मात्रा ही तालातली ‘खाली’ आहे, तिथे घुमारा नाहीच. तो डिस्को ठेका मात्र नेमका पाचवीवर ‘बू’ आदळतो. म्हणून केरवा असा म्हणा:

बू बू त्स त्स | त्स का बू त्स

सातव्या मात्रेचा ‘बू’ जरा लांबवला की डोलारा येतो. तबला शिकलेला कुणी गटात असेल तर त्याला बीटबॉक्स शिकवण्यापेक्षा पढंत (तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं) करायला लावा आणि त्यातूनच आवाज घडू द्या. सुरुवातीला सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. ओठ कोरडे पडतात, घसा आवळतो. ताल देणाऱ्याने श्वास कधी घ्यायचा हेही लिहून ठेवावं लागतं, नाहीतर तो समेवरच संपतो.

उच्चार

आठ जण आठ प्रकारचा ‘आ’ म्हणतात. कुणाचा रुंद, कुणाचा नाकातला. लांब स्वरांसाठी तोंडाचा आकार एकमेकांकडे बघून जुळवा. सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं ते निम्म्या वेळा यामुळे. ‘ई’ फार पसरट झाला तर कर्कश होतो, त्यात किंचित ‘ऊ’चा गोलावा मिसळा.

शब्दाच्या शेवटचा अ म्हणायचा की गिळायचा, हे प्रत्येक शब्दागणिक ठरवा: ‘घर’ की ‘घरऽ’. चारांनी म्हटला आणि चारांनी गिळला तर शब्द फाटतो. स आणि श ची शिट्टी फक्त एकाने वाजवायची, बाकीच्यांनी तो सोडून थेट स्वरावर यायचं; नाहीतर माईकवर साप फुत्कारतात. घ, भ, झ सगळ्यांचे एकत्र आणि समेच्या किंचित आधी पडायला हवेत, म्हणजे स्वर समेवर येतो.

लांब धरलेल्या स्वरात आळीपाळीने श्वास घ्या. नियम दोन: शेजारी घेतो तेव्हा आपण घ्यायचा नाही, आणि परत येताना हळू यायचं. शब्दाच्या सांध्यावर घेऊ नका, तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. स्वराच्या मधोमध घ्या.

तालमीचे दोन तास

आठवड्याला एकदा दोन तास, शिवाय घरी रोज पंधरा मिनिटं. दोन तासांची वाटणी साधारण अशी: दहा मिनिटं ओठ फुरफुरवणं, हुंकार आणि सा ते प पर्यंत घसरत जाणं, दहा मिनिटं भुपाचं आवर्तन, अर्धा तास ओळींची वेगळी तालीम, दोन कोपऱ्यांत किंवा दोन खोल्यांत, दहा मिनिटं पाणी आणि गप्पा, पाऊण तास एकत्र, शेवटी एकदा न थांबता पूर्ण गाणं, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून. मोबाईल दोन-तीन मीटर लांब, सगळ्यांपासून सारख्या अंतरावर ठेवा. ते त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. थकलेला कान स्वतःला माफ करतो.

घरच्या सरावासाठी प्रत्येकाला त्याच्या ओळीची ध्वनिफीत द्या: एका कानात त्याची ओळ मोठ्याने, दुसऱ्या कानात बाकीचे बारीक. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अर्ध्या तासात होतं. पहिला आठवडा दोन्ही कान, दुसऱ्या आठवड्यापासून फक्त बाकीच्यांचा कान लावून आपली ओळ त्यावर गायची. ही पायरी गाळणारे तालमीत येऊन ओळ शिकतात आणि बाकी सात जणांचा वेळ खातात.

घसा बसलेल्याने तालमीला यावं, पण गाऊ नये, ऐकावं. कुजबुजूनही बोलू नये, त्याने आराम मिळत नाही. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. काढ्यावर आणखी दिवस काढू नयेत.

गट चालवणं

कामं तीन आणि माणसं तीन. संगीताचा अंतिम शब्द एकाचा. सहा जणांच्या मतदानाने पट्टी ठरत नाही. दुसरा जागा, तारखा आणि आयोजकांशी बोलणं बघतो. तिसरा हिशेब. संगीत बघणाऱ्याकडेच तिन्ही कामं गेली की तो वर्षभरात कंटाळतो, आणि मग गटच बंद पडतो.

हजेरीचा नियम पहिल्या दिवशी सांगा: चारपैकी तीन तालमी, आणि कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या दोन चुकल्या तर त्या कार्यक्रमात गाणं नाही. नियम गायिका कितीही चांगली असली तरी तिला लागू. एकदा सूट दिली की नियम गेला. वर्गणी थोडी पण दरमहा ठेवा. फुकट गटात लोक पाऊस पडला म्हणून येत नाहीत.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या सणांवर बेता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर कोजागिरीपर्यंत तिथीप्रमाणे साधारण सोळा ते वीस तालमी मिळतात, त्यातल्या गणपतीत दोन जातातच. एवढ्यात तीन गाणी नीट बसतात. पाच घेतलीत तर पाचही कच्ची. सोसायटीची कोजागिरी हा पहिल्या सादरीकरणासाठी चांगला प्रसंग: ऐकणारे ओळखीचे, जागा लहान, मसाला दुधाची वाट बघणारे लोक दहा मिनिटं आनंदाने ऐकतात.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेलं सादरीकरण उल्लंघन धरलं जात नाही. तिकीट लावलंत की ही सवलत गेली. मग आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना लागतो, तो आयोजक घेणार की तुम्ही, हे लेखी ठरवा. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षित असते. इंटरनेटवर चित्रफीत टाकणं या सवलतीत बसत नाही. आणि दिवाळी पहाट उघड्यावर साडेपाचला ठेवणार असाल तर लक्षात असू द्या, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. सहापर्यंतची गाणी माईकविना ठेवा. पहाटेच्या शांततेत ती शोभतातही.

रंगमंचावर

पन्नास-साठ श्रोते आणि बंद खोली असेल तर माईक नकोच. अर्धवर्तुळात उभे राहा, खर्ज आणि ताल देणारा शेजारी शेजारी मधोमध, मुख्य गायक एक पाऊल पुढे. टोकाच्या दोघांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत.

मोठ्या जागी प्रत्येकाला वेगळा हातातला डायनॅमिक माईक हवा, मिक्सरवर प्रत्येकाची वेगळी वाहिनी, आणि गाणाऱ्यांकडे तोंड करून किमान दोन मॉनिटर (गाणाऱ्यांना स्वतःला ऐकू येण्यासाठीचे स्पीकर). साउंडवाल्याला आठवडाभर आधी सांगा की वाद्य एकही नाही आणि माईक आठ आहेत. नाहीतर तो दोन माईक आणि तबल्याचा स्टँड घेऊन येतो. माईक तोंडापासून दोन-तीन बोटं, तोंडाच्या रेषेत. जाळी मुठीत धरली की शिट्टी येते. खर्ज आणि ताल सोडून बाकी सगळ्या वाहिन्यांवर १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापायला सांगा, म्हणजे गढूळपणा जातो. गूंज कमीत कमी, शब्द कळले पाहिजेत.

माईक दोनच मिळाले तर एक मुख्य गायकाला आणि एक खर्जाला. तालाला नाही. ‘त्स’ आणि ‘का’ टोकदार असतात, ते माईकविनाही पोचतात. खर्ज पोचत नाही.

ध्वनिचाचणीत सगळ्यात आधी खर्ज एकटा, मग ताल, मग मधले, शेवटी चाल. मॉनिटरमध्ये प्रत्येक जण ‘माझा आवाज वाढवा’ म्हणेल. फक्त खर्ज आणि चाल वाढवून घ्या, सूर त्यांच्यावरच धरायचा आहे.

सूर देताना खर्जवाल्याने मोबाईल कानाला लावून आपला सा घ्यायचा आणि हुंकारात तो बाकीच्यांना द्यायचा. प्रत्येकाने आपला पहिला स्वर त्यावरून मनात लावायचा. सगळ्यांनी मोठ्याने ‘अँऽऽ’ करत स्वर शोधणं श्रोत्यांना दाखवू नका. मग मुख्य गायकाचा श्वास हाच इशारा: तो ज्या लयीत श्वास घेतो त्या लयीत गाणं सुरू होतं, म्हणून तो श्वासही तालमीत बसवायचा. मध्ये कुणी हरवलं तर त्याने थांबून तोंड न हलवता ऐकायचं आणि पुढच्या समेवर खर्जाच्या वरच्या सा-वर यायचं. तिथून आपली ओळ परत सापडते.